पटावरच सुचलं

डाव संपला की समोरचा मोहरी गोळा करता करता विचारायचा, “ते घोड्याचं घरून करून आणलेलं का हो?” आणि मी चेहरा शक्य तेवढा साधा ठेवून म्हणायचे, “छे, पटावरच सुचलं.”

पंचवीसेक वर्षं मी हे खोटं बोलले. सांगलीत बोलले, कोल्हापुरात बोलले, पुण्यात तर इतक्या वेळा बोलले की काहींना ते दोनदा ऐकावं लागलं असेल. मडगावच्या एका स्पर्धेत हिंदीतून बोलले. सुचलंबिचलं काही नव्हतं. घरी दोनशे पानी वही होती, खाकी कव्हर घातलेली, वर शाळेच्या वहीला लावतात तशी चिठ्ठी आणि विषयाच्या जागी ‘एफ-७’ असं लिहिलेलं. स्पर्धेच्या आदल्या रात्री मी ती वही वार्षिक परीक्षा असल्यासारखी वाचायचे. सकाळी पटावर बसायचे, तोच घोडा त्याच घरात टाकायचे आणि आत्ताच काहीतरी चमकून गेलं असावं तशी थोडा वेळ छताकडे बघायचे. छताकडे बघणंही ठरलेलंच होतं.

आज हे सांगून टाकते, कारण त्या घोड्याबद्दलचं माझं मत बदललंय. नुसतं ‘मत बदललं’ म्हणून गप्प बसले, तर तेही छताकडे बघण्यासारखंच होईल.

ज्यांचा पटाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पांढरा राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, काळाही टाकतो. पांढरा घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर नेम धरतो. इथे बहुतेक जण आपलं प्यादं राखतात. काही जण राखत नाहीत. तेही घोडा काढून पांढऱ्याच्या प्याद्यावर नेम धरतात. तू मारतोस तर मीही मारतो. याला पेट्रोफ बचाव म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या अलेक्सांद्र पेट्रोफ या रशियन खेळाडूच्या नावावरून. पांढरा ई-५ वरचं प्यादं मारतो. काळा लगेच उलट मारत नाही, आधी डी-६ असं प्यादं सरकवून घोड्याला हुसकावतो. शहाणा पांढरा मुकाट्याने घोडा मागे एफ-३ वर नेतो, काळा आपलं प्यादं वसूल करतो, आणि मग दोघं मिळून पुढचे तीन तास एकमेकांच्या चुकीची वाट बघतात.

माझ्या वहीतल्या कॉक्रेन गॅम्बिटमध्ये (गॅम्बिट म्हणजे हल्ल्यासाठी सुरुवातीलाच मुद्दाम काहीतरी देणं) घोडा मागे जात नाही. तो उडी मारून थेट एफ-७ वरचं प्यादं खातो. त्या घराला जोर फक्त राजाचा. आणि राजाला घोडा मारण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण तिथे बसलेला घोडा एकाच वेळी वजिराला आणि हत्तीला धरतो. राजा मारतो, उघड्यावर येतो, किल्लेकोटाचा, म्हणजे हत्तीच्या आडोशाने कोपऱ्यात जाऊन बसण्याचा, हक्क कायमचा गमावतो. पांढऱ्याने दिला एक घोडा; मिळवली दोन प्यादी आणि घराबाहेर काढलेला राजा. घोड्याचे तीन आणि प्याद्यांचे दोन धरले, तर तोटा एका प्याद्याचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला हा प्रकार मामाच्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या तळटिपेत सापडला. साल १९८७, मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव. उन्हाळ्यात नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा सुरू झाल्या की आमच्या गल्लीत कैऱ्यांइतकाच डावांचा विषय असायचा. माझ्या पिढीच्या मुलींना घरून पटावर बसायला मिळालं त्याचं बरंचसं श्रेय खाडिलकर भगिनींना. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्यामुळे ‘मुलीला काय करायचंय बुद्धिबळ’ हा प्रश्न आमच्या घरात निकालात निघाला होता. बाहेर तो होताच. मी जिथे खेळायला जायचे तिथले काका लोक माझ्याविरुद्ध हमखास पेट्रोफ खेळायचे. त्यांचा हिशेब असा की मुलगी आहे, उतावीळ असणार. डाव सपाट केला की कंटाळून चुकेल. वाईट गोष्ट अशी की हिशेब बरोबर होता. तिसाव्या चालीच्या सुमारास वजीर निघून गेलेले, एकेक हत्ती, एकेक उंट आणि सहा-सहा प्यादी उरलेली, आणि मला पटावर काही म्हणजे काही दिसेनासं व्हायचं. धुक्यात स्टँडवर उभं राहून एसटीची पाटी वाचायचा प्रयत्न करावा, तसं.

पहिल्यांदा घोडा एफ-७ वर टाकला तेव्हा समोर एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला, आणि अगदी मायेने म्हणाले, “बाळ, चुकून पडला का? घे परत. मी काही म्हणणार नाही.” मी नाही म्हणून मान हलवली. विसाव्या-एकविसाव्या चालीला त्यांचा राजा वाट चुकलेल्या वऱ्हाड्यासारखा पटाच्या मधोमध हिंडत होता. त्यांनी डाव सोडला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहा पाजला. त्या ‘घे परत’चं मला जे सुख झालं, त्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

वही तेव्हापासूनची. पहिल्या पानावर लाल शाईत एक सापळा होता. घोडा मारल्यावर पांढरा डी-४ असं प्यादं टाकतो, आणि काळ्याला वाटतं की आता ई-४ वरचं प्यादं फुकट आहे. तो घोड्याने ते खातो. मग पांढरा वजीर एच-५ वर येऊन शह देतो. राजा घाबरून जी-८ च्या कोपऱ्याकडे पळाला, तर वजीर डी-५ वर येऊन पुन्हा शह देतो; मध्ये घालायला एकच उंट, तो घातला की वजीर त्यालाच खाऊन मात करतो. जी-६ असं प्यादं मध्ये घातलं तरी वजीर डी-५ वरून शह देतो आणि ई-४ वरचा घोडा वसूल करतो. हा सापळा पंचवीस वर्षांत मला प्रत्यक्षात तीनदा लागला. तिन्ही वेळा मी समोरच्याइतकीच चकित झाल्याचं नाटक केलं.

सुरुवातीला मी डी-४ न खेळता पाचव्या चालीला उंटाने शह द्यायचे. राजा समोर उघडा दिसतोय म्हटल्यावर हात तिकडेच जातो. काळा डी-५ असं प्यादं पुढे करून शह अडवतो, एक प्यादं परत देऊन मोकळा होतो, आणि पांढऱ्याचा वारा निघून जातो. शहाचा मोह आवरून डी-४ खेळायचं, मध्यात दोन प्यादी शेजारी शेजारी उभी करायची आणि थांबायचं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. गॅम्बिट म्हणजे मारधाड असं समजणाऱ्यांना याची गंमत वाटेल. अख्खा घोडा उधळल्यानंतरची उत्तम चाल म्हणजे एक साधं प्यादं ढकलणं.

मामाला हे पहिल्यापासून मान्य नव्हतं. “अगं, चुकीचा डाव आहे हा.”

“सिद्ध कर.”

“तो सी-५ खेळला तर?”

हा सी-५ माझ्या जिवाला लागलेला घोर होता. काळा डी-४ वरच्या प्याद्याला लगेच धक्का देतो, आणि ज्या जोडीच्या भरवशावर पांढऱ्याने घोडा दिलेला असतो ती जोडीच मोडते. वहीतली जवळपास चाळीस पानं सी-५ वर आहेत. तीन रंगांच्या शाया, बाण, आणि कोपऱ्यात अधूनमधून ‘इथे पांढरा छान’ असे शेरे. ते ‘छान’ मी कशाच्या जोरावर लिहिलं होतं ते आता वाचताना मलाच उमगत नाही.

पण तेव्हा माझ्याकडे दाखले तयार असायचे. १९६० साली मार देल प्लाताला बॉबी फिशर स्पास्कीकडून किंग्ज गॅम्बिटमध्ये हरला आणि पुढच्याच वर्षी ‘हे गॅम्बिट मोडीत निघालं’ असा लेख लिहून मोकळा झाला. मग १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यानेच ते खेळून डाव जिंकला. म्हणजे, मी मामाला म्हणायचे, मोडीत काढणारेसुद्धा शेवटी खेळतात. लाटव्हियाचा अल्विस विटोलिन्श तर सोव्हिएत काळात भल्याभल्यांविरुद्ध माझाच घोडा माझ्याच घरात द्यायचा. आणि मग आलं १९९९. लिनारेसच्या स्पर्धेत वेसेलिन टोपालोवने चौथ्या चालीला एफ-७ वर घोडा दिला, आणि कुणाविरुद्ध? व्लादिमिर क्रामनिकविरुद्ध, जो पुढच्याच वर्षी कास्पारोव्हला हरवून जगज्जेता झाला. डाव बरोबरीत सुटला. मी पेढे तेवढे वाटायचे ठेवले होते. रात्री मामाला एसटीडी लावला.

“बघितलंस?”

मामा शांतपणे म्हणाला, “बरं झालं. आता पुढच्या वेळी तो हेच खेळतो का, ते बघू.”

मी फोन ठेवून दिला. मामाचं हे नेहमीचंच. माणूस वादात हरला तरी शेवटचं वाक्य त्याच्याकडे राहतं.

मार्च २०२० मध्ये स्पर्धा बंद झाल्या आणि मला वेळ मिळाला. वहीचं पुस्तक करायचं असं मी ठरवलं. हो, पुस्तक. प्रस्तावनेचा पहिला परिच्छेदही मनात तयार होता. भाच्याने लॅपटॉपवर स्टॉकफिश, म्हणजे डावाचं पारडं आकड्यात सांगणारं बुद्धिबळाचं यंत्र, घालून दिलं, आणि मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. माझ्या सगळ्या डावांचे कागद मी जपून ठेवले होते. निम्म्यांवर चहाचे डाग, काहींची शाई पसरलेली.

पटावर चौथी चाल टाकली. आकडा थोडा वरखाली झाला आणि उणे एकच्या आसपास येऊन बसला. मघाशी म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून? घोड्याचे तीन वजा प्याद्यांचे दोन. म्हणजे त्या उघड्यावर पडलेल्या राजाची, ज्याच्या हालांचं मी दोनशे पानं वर्णन केलं होतं, यंत्राच्या लेखी किंमत जवळजवळ शून्य होती.

खरं सांगायचं तर याचं मला फारसं काही वाटलं नाही. यंत्राविरुद्ध खेळतंय कोण? माणसाला घाम फुटतो, यंत्राला फुटत नाही. समोर निवृत्त शिक्षक असतो, त्याला घरी जायचं असतं, त्याचं घड्याळ चालू असतं. हा युक्तिवाद मी आजही मागे घेत नाही. उणे एक आकड्यावर आमच्या पातळीवर कुणी हरत नाही.

मला लागलं ते त्या कागदांनी. जिंकलेले डाव एकामागून एक यंत्रात घालत गेले, तसतसं एकच चित्र दिसायला लागलं. समोरचा दहा-पंधरा चाली बरोबर खेळलेला असायचा. माझ्या चाली बेताच्याच. मग कधीतरी त्याला नसलेलं भूत दिसायचं. तो एखादा उंट उगाच मागे न्यायचा किंवा राजाला घेऊन चुकीच्या बाजूला पळायचा, आणि डाव माझ्या ओच्यात पडायचा. हे हल्ले मी रचलेले नव्हतेच. मी फक्त घाबरवण्याची जागा तयार करून वाट बघत बसले होते. वाट बघायला लागू नये म्हणून जे गॅम्बिट निवडलं, त्यात मी तेच करत होते, फक्त छताकडे बघून.

आणि मग हरलेले डाव. त्या कागदांच्या तळाशी, सहीच्या खाली, माझ्याच अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: ‘प्रयोग’. १९९१, प्रयोग. १९९६, प्रयोग. २००८, प्रयोग, पुढे उद्गारचिन्ह. जिंकलेल्या एकाही डावाखाली हा शब्द नव्हता.

मी डबा बंद केला आणि उठून कणीक भिजवायला घेतली. पण ते डोक्यातून जाईना. हरले तर प्रयोग, जिंकले तर बुद्धी. कुठलीही बाजू आली तरी मी सुरक्षित. लोक मला धाडसी म्हणायचे. एका स्थानिक पेपरात एकदा दोन ओळींत ‘आक्रमक शैली’ असंही छापून आलं होतं, ते कात्रण वहीत आहे. आणि मी तर साधा डाव खेळायला घाबरत होते. सपाट डावात हरलं की सबब उरत नाही. तुम्ही समोरच्यापेक्षा कमी पडलात, एवढंच उरतं. मी चौथ्या चालीलाच सबब पटावर मांडून ठेवत होते, घोड्याच्या आकाराची. पंचवीस वर्षांच्या कागदांत हत्ती-प्याद्यांचा नीट खेळलेला शेवट मी शोधला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडले, आणि त्यातले बहुतेक हरलेले.

पुस्तकाचा नाद तिथेच सुटायचा, पण प्रस्तावनेसाठी गॅम्बिटचा इतिहास गोळा करायला घेतला होता, तो तेवढा वाचत राहिले. वरवर मला तो माहीतच होता. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर. १८२२ साली त्याने बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं, मग वकिलीसाठी हिंदुस्थानात आला. रजेवर इंग्लंडला गेला तेव्हा हॉवर्ड स्टाँटनशी शेकडो डाव खेळला, परतून कलकत्त्याला आला, आणि १८४८ साली तिथे त्याने पेट्रोफविरुद्ध एफ-७ वर घोडा दिला. हे सगळं माझ्या वहीच्या दुसऱ्या पानावर सुवाच्य अक्षरात होतं. समोर कोण होतं, त्या जागी मी लिहिलं होतं ‘काळा’.

त्या काळ्याचं नाव महेशचंद्र बंदोपाध्याय. इंग्रजी नोंदींत ते इतक्या तऱ्हांनी लिहिलंय की माणूस एक की तीन असा प्रश्न पडावा. कलकत्त्याच्या क्लबातल्या एका सभासदाचं पत्र १८५० साली इंग्लंडच्या बुद्धिबळ मासिकात छापून आलं. त्यातून कळतं की हा बंगालच्या खेड्यातला पन्नाशीचा ब्राह्मण होता. गावाकडे त्याला हरवणारा कुणी भेटला नव्हता. कॉक्रेनने त्याला हरवलं, आणि मग दोघं वर्षानुवर्षं खेळत राहिले. त्यांचे शेकडो डाव नोंदले गेलेत. त्यांत महेशचंद्र काळ्याकडून घोडा एफ-६ वर काढतात, जी-६ असं प्यादं एकच घर सरकवतात आणि उंट जी-७ च्या कोनाड्यात बसवतात. आज जगभर ज्यांना ‘इंडियन’ बचाव म्हणतात, त्यांचे हे अगदी सुरुवातीचे नोंदलेले डाव. ग्रुनफेल्ड बचाव १९२२ साली ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने रूढ केला म्हणून त्याच्या नावाने ओळखला जातो. महेशचंद्र तो १८५५ मध्ये खेळलेत. त्या डावात कॉक्रेनने अठराव्या चालीला पुन्हा एफ-७ वरच घोडा घातला आणि घोड्यानेच राजाला कोंडून मात होणार अशी वेळ आणली. एफ-७ ची खोड काही सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

त्याच वर्षीचा दुसरा एक डाव मी रात्री पटावर मांडला. महेशचंद्रांनी नवव्या चालीला घोडा दिला. पुढे त्यांचा वजीर पांढऱ्याच्या घोड्याखाली आला, तर त्यांनी तो हलवलाच नाही. प्याद्याने एफ-३ वरचा घोडा खाल्ला, वजीर खुशाल मारू दिला, तेच प्यादं आणखी एक घर खात खात जी-२ वर नेलं, आणि मग उंटाने शांतपणे पांढऱ्याचाही वजीर टिपला. डाव त्यांनी जिंकला. मी ज्याला ‘काळा’ म्हणून सोडून दिलं होतं, त्याला देणंघेणं माझ्यापेक्षा आणि कॉक्रेनपेक्षाही जास्त कळत होतं. फक्त तो चौथ्या चालीला देत नव्हता.

तेव्हा मला आबा आठवले, आईचे वडील. ते देशी पद्धतीने खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं आणि किल्लेकोट नसतोच. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. मामाने पुस्तकी डाव शिकवायला सुरुवात केली तेव्हा आबा म्हणाले होते, “राजाला एवढं काय कोंडून ठेवायचं? चालू दे की त्याला.” आम्ही हसलो होतो. आता वाटतं, महेशचंद्र देशी खेळ खेळतच वाढले असणार. एक-एक घराने सरकणारी प्यादी, कोनाड्यातला उंट, हे सगळं तिथलंच. ज्याच्या मूळ खेळात किल्लेकोटच नव्हता, त्याला तो हक्क गेल्याचं दुःख कितीसं होणार? एफ-७ वर उभा राहिलेला राजा मला भणंग दिसत होता; त्यांना तो कदाचित नुसता एफ-७ वर उभा असलेला राजा दिसत असेल. हा माझा तर्क आहे, कागदोपत्री पुरावा नाही. पण त्या रात्री मी बाजू बदलली.

अक्षरशः बदलली. काळ्याकडून मी पेट्रोफ खेळायला लागले. चाळीस वर्षांपूर्वीच्या काकांचा, मला रडवणारा, सपाट पेट्रोफ. शिवाय रोज सकाळी चहाबरोबर हत्ती-प्याद्यांचे शेवट, शाळकरी मुलांच्या पुस्तकातून. पंचावन्न वर्षांच्या बाईने हे करणं किती कंटाळवाणं असतं ते इथे लिहीत नाही. मामाला फोन करून सांगितलं. मामा आता पंच्याऐंशीचा आहे. मला वाटलं होतं, ‘सांगत होतो तुला’ असं म्हणेल. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “अरेरे. तुझे डाव बघायला मजा यायची गं.”

यायची हे खरं. मुलांना गॅम्बिट शिकवू नये म्हणणाऱ्या प्रशिक्षकांशी मी अजूनही भांडते. द्यायला न घाबरणं हेही शिकावंच लागतं, आणि लहानपणी ते स्वस्तात शिकता येतं. माझी अडचण गॅम्बिटशी नाहीच, मी लिहिलेल्या ‘प्रयोग’ या शब्दाशी आहे.

पेट्रोफ खेळायला लागल्यावर मनात एक सुप्त इच्छा होती: कुणीतरी माझ्यावर घोडा टाकावा. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. कुणी टाकेना. सगळे शहाण्यासारखे घोडा एफ-३ वर परत नेत होते. ज्या एका खेळाडूची मी वाट बघत होते ती मीच होते, आणि मला काही माझ्या समोर बसता येत नव्हतं.

शेवटी मागच्या डिसेंबरात पुण्याच्या एका मानांकन स्पर्धेत, पाचव्या फेरीत, तो आला. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची कमान अजून उतरवलेली नव्हती. समोर इंजिनिअरिंगचा मुलगा, गळ्यात हेडफोन लटकलेले. ई-४, ई-५. घोडा, घोडा. घोड्याने प्यादं मारलं. मी डी-६ टाकलं. त्याने चार-पाच मिनिटं घेतली, घोडा उचलला, आणि एफ-७ वरचं माझं प्यादं काढून तिथे ठेवला.

मग त्याने छताकडे बघितलं.

मी तोंड खाली घालून डाव लिहायच्या कागदात बघत राहिले, कारण हसू आवरेना. राजाने घोडा घेतला. त्याने डी-४ खेळलं, शह नाही दिला. म्हणजे पोराने अभ्यास केलेला होता. सी-५ मला तोंडपाठ होतं, चाळीस पानं पाठ होती. तरी माझा हात जी-६ कडे गेला. प्यादं, एकच घर. मग राजा स्वतःच्या पायाने जी-७ वर.

भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. त्याची मधली प्यादी जोडीने पुढे यायला लागली तेव्हा तळवे ओले झाले. त्या खुर्चीत मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. तिथून पट किती मोठा दिसतो, आणि राजा आणि कोपरा यांतलं अंतर किती लांब वाटतं, हे त्या निवृत्त शिक्षकांनी मला कधी सांगितलं नव्हतं. तीनदा मला भूत दिसलं. तिन्ही वेळा हात मांडीखाली घालून बसले आणि ते भूतच आहे ना, हे मोजून बघितलं. योग्य वेळी एक प्यादं परत दिलं, वजीर काढून घेतले, राजा एकदाचा घरी पोचला. पुढे उरला तो शेवट: माझा एक उंट जास्त, त्याची तीन प्यादी जास्त. धुकं होतंच, पण आता पाटी वाचता येत होती, निदान गावाचं पहिलं अक्षर. अडुसष्टाव्या चालीला त्याने हात पुढे केला. घरी येऊन यंत्रात घातलं तर त्याला दोनदा बरोबरीची संधी होती, आणि दोन्ही मला दिसल्या नव्हत्या. असो.

मोहरी गोळा करता करता मी विचारलं, “ते घोड्याचं घरून करून आणलेलं का रे?”

“नाही मॅडम,” तो म्हणाला, “असंच. पटावरच सुचलं.”

मी मान डोलावली. त्याने हत्ती डब्यात टाकले, झाकण लावलं आणि मग थोडं अडखळत विचारलं, “तुम्हाला माहीत होता का हा प्रकार?”

“ऐकून होते,” मी म्हटलं.